पुऱ्या की काजवे?

परवा धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. त्यांच्याकडची सगळी मंडळी येत्या उन्हाळ्यात, मेअखेरीला, भंडारदऱ्याला तंबूत राहायला जाणार आहेत. दोन रात्री, तीन दिवस. मोठी-लहान धरून सहा माणसं, सगळी शाकाहारी. म्हणाल्या, "ताई, तुम्ही दोनदा जाऊन आलात. काय काय न्यायचं ते सांगा ना. पहिल्या रात्री पावभाजी आणि दुसऱ्या रात्री छोले-पुरी करावी म्हणतेय."

मी विचारलं, "पुऱ्या तळणार कोण?"

त्या हसल्या. "मीच, आणखी कोण?"

फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. जाऊबाई वाचतीलच, तुम्हीही वाचा. दोनदा जाऊन आले हे खरं, पण त्यातल्या पहिल्या वेळी मी एक चूक केली होती. ती सांगितल्याशिवाय माझ्या मेनूला अर्थ नाही.

२०२२ च्या जून महिन्यातली गोष्ट. लेकाने काजवे बघायला भंडारदऱ्याला जायचं ठरवलं. पावसाच्या तोंडावर, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, तिथल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे बसतात आणि सगळं झाड लुकलुकतं. नाशिकहून घोटीमार्गे जेमतेम दोन तासांचा रस्ता. स्वयंपाकाची सूत्रं अर्थातच माझ्याकडे होती. आम्ही शिकलेल्या बायका असलो तरी सहल म्हटली की पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड, कोथिंबीर वडी हे आलंच! सूनबाई हळूच म्हणाली होती, "आई, खिचडी केली तर?" मी म्हटलं, "खिचडी काय, आजाऱ्याचं जेवण. मुलं सहलीला चालली आहेत."

पोचायला दुपार झाली, तंबू लागायला संध्याकाळ. त्या दिवसांत तिकडे सूर्य सात-सव्वासातला मावळतो. बटाटे उकडून भाजी होईपर्यंत अंधार पडला. मग सूनबाई पुऱ्यांना बसली. छोटी शेगडी, वाऱ्याने फडफडणारी ज्योत, तेल तापता तापेना. मी लाटत होते, ती तळत होती. आठच्या सुमाराला लेक मुलांना घेऊन झाडांकडे गेला. थोड्या वेळाने नात धावत परत आली. "आई, चल ना, झाड पेटल्यासारखं दिसतंय!" सूनबाई म्हणाली, "आले गं, एवढ्या पुऱ्या होऊ दे." नात गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. मग जेवणं झाली, तेलकट भांडी झाली आणि आम्ही दोघी निघणार तोच वळवाची जोरदार सर आली. सगळे तंबूत पळालो. दुसऱ्या रात्रीही पाऊस थांबला नाही. सूनबाई काही बोलली नाही. मीही नाही.

जुलैमध्ये नातीने शाळेत निबंध लिहिला, "माझी सहल". मला वाचायला दिला. त्यात एक ओळ होती, "बाबांनी आम्हाला काजवे दाखवले आणि आईने पुऱ्या तळल्या."

मंडळी, मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. "माझी सहल" हा निबंध किती हजार वेळा तपासला असेल, देव जाणे. जवळजवळ प्रत्येक वहीत हे वाक्य असायचंच. बाबांनी किल्ला दाखवला, आईने डबा उघडला. बाबा आमच्याबरोबर पाण्यात उतरले, आईने भेळ कालवली. ऱ्हस्व-दीर्घ सुधारून मी खाली बरोबरची खूण करत आले. आईने काय पाहिलं, असा प्रश्न समासात एकदाही लिहिला नाही. नातीच्या वहीतली ओळ वाचल्यावर मात्र पुढे वाचवेना. कारण त्या पुऱ्या सूनबाईने माझ्या हट्टापायी तळल्या होत्या.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. सहलीतला सोपा स्वयंपाक म्हणजे आळस नव्हे, तडजोडही नव्हे. जेवणाचा थाट जेवढा मोठा, तेवढी कुणाची तरी सहल छोटी होते. आणि ती कुणाची, हे आपल्या घरांत आधीच ठरलेलं असतं. पुरी वाईट नाही हो, पण ती घरी तळावी.

दुसऱ्यांदा आम्ही २०२४ च्या जूनमध्ये गेलो. या वेळी कागदावर मेनू लिहिला आणि शाळेच्या वेळापत्रकासारखं प्रत्येक पदार्थापुढे करणाऱ्याचं नाव घातलं. एकच नाव तीनदा आलं की मेनू चुकला असं समजायचं. हा नियम मी स्वतःलाही लावला. आता तपशील देते. माप सहा माणसांचं आहे.

पहिल्या दिवशी दुपारी शिदोरी. दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लिंबाचं लोणचं, काकड्या आणि गूळ. दशमीची कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवतात, म्हणून ती मऊ राहते. पूर्वी सोवळ्याओवळ्याच्या हिशेबातही ती प्रवासाला चालायची. सोवळं गेलं, सोय राहिली! मात्र उन्हाळा आहे, दशम्या त्याच दिवशी संपवाव्यात. ओल्या नारळाची चटणी आणि उकडलेल्या बटाट्याची भाजी घरून नेऊ नये, गाडीच्या उष्म्यात दोन्ही लवकर आंबतात.

रात्री खिचडी. तीन वाट्या तांदूळ, दीड वाटी मुगाची डाळ. दोन्ही निवडून एकाच पिशवीत भरायचं. दुसऱ्या लहान डबीत गोडा मसाला, तिखट, हळद, हिंग, जिरे, मीठ घरीच मोजून एकत्र करायचं. तिथे कुकरमध्ये दोन चमचे तूप, एक कांदा, मग डबीतला मसाला, धुतलेले डाळ-तांदूळ आणि अकरा-बारा वाट्या पाणी. तीन शिट्ट्या. सोबत भाजलेले पापड. भांडं एकच पडतं आणि साडेसहाला सुरुवात केली तर साडेसातला जेवण आटोपतं. तेलकट कढई नाही, त्यामुळे घासायला पाणीही थोडं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपमा. तीन वाट्या रवा घरीच खमंग भाजायचा. मोहरी, उडदाची डाळ, सुक्या मिरच्या आणि कुरकुरीत तळलेला कढीपत्ता यांची फोडणी त्यात घालून, मीठ-साखर मिसळून, पूर्ण गार झाल्यावर डबा बंद करायचा. तिथे साडेसात वाट्या पाणी उकळायचं, त्यात हा रवा घालायचा आणि झाकण ठेवायचं. माझ्या अकरा वर्षांच्या नातीने मोठ्यांच्या देखरेखीखाली केला आणि उत्तम केला.

दुपारी शेगडी पेटवलीच नाही. तिथल्या एका घरी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. पिठलं, नागलीची भाकरी, ठेचा आणि कांदा. कुणी म्हणेल, मग तिथेही एक बाईच राबली की! खरं आहे. पण तिला आधी विचारलं होतं, तिचा भाव तिने सांगितला आणि तो आम्ही घासाघीस न करता दिला. घरच्या बाईला आपण यातलं काहीच करत नाही, विचारतही नाही.

दुसऱ्या रात्री मसालेभात. तीन वाट्या तांदूळ, चार बटाटे, दोन कांदे, मूठभर शेंगदाणे. कृती खिचडीसारखीच, पाणी मात्र निम्मं. तांदूळ घोटीला घ्यावा, तिथे चांगला मिळतो. शिजलेला भात दोन तासांच्या आत संपवावा, सकाळी फोडणीला टाकू म्हणून उरवू नये. घरी चालतं ते उन्हाळ्यात तंबूत चालत नाही.

निघायच्या दिवशी दडपे पोहे. सहा वाट्या पातळ पोहे, बारीक चिरलेला कांदा, काकडी, लिंबू, मीठ, साखर, मिरची. नारळ अख्खा न्यावा, तिथेच फोडावा, त्याचं पाणी पोह्यांवर शिंपडावं, थोडं खोबरं खवून घालावं आणि वर ताट दडपून ठेवावं. गॅस लागत नाही, तोवर तंबू आवरून होतात.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला आमच्या घरातलाच. हे म्हणाले, "एवढं लांब जाऊन भातच खायचा का?" मी म्हटलं, "तुम्ही पुऱ्या तळणार असाल तर पीठ मी मळून देते." पुढे विषय निघाला नाही! दुसरा आक्षेप तरुणांचा. कशाला एवढी उठाठेव, शेवयांची तयार पाकिटं न्यावीत. एखाद्या संध्याकाळी नेलीत तर माझी हरकत नाही. पण दोन दिवस त्याच्यावर काढले की लहान मुलांची पोटं बिघडतात आणि रिकामी पाकिटं झुडपांत अडकलेली दिसतात. त्या भागात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. जे नेलं त्याचा कचरा आपल्याच गाडीतून परत आला पाहिजे.

आणखी एक कारण मला दुसऱ्या खेपेलाच उमगलं. काजव्याचा उजेड ही जोडीदाराला केलेली खूण असते. आपल्या दिव्यांनी ती खूण बुजते. रात्री नऊपर्यंत स्वयंपाक चालला म्हणजे नऊपर्यंत दिवे जळणार, मोठाल्या विजेऱ्या फिरणार. अंधार पडायच्या आत जेवून दिवे मालवले, तर काजव्यांचाही त्रास कमी होतो. रानात शेकोटीही पेटवू नये. आपण त्यांच्या घरी पाहुणे आहोत.

तर २०२४ च्या त्या पहिल्या रात्री खिचडीपुढे लेकाचं नाव होतं. त्याने पाणी कमी घातलं आणि खिचडी खाली लागली. कुकरच्या बुडाशी चांगली बोटभर खरपुडी जमली होती. पूर्वीची मी असते तर उठून सगळं हातात घेतलं असतं. या वेळी सतरंजीवरच बसून राहिले. खरं सांगायचं तर हात शिवशिवत होते. नातवाने खरपुडीच मागून घेतली.

पावणेआठला भांडी धुऊन झाली होती. विजेरीला लाल कागद गुंडाळून आम्ही झाडांकडे गेलो आणि ती विझवून उभे राहिलो. आधी एक चमकला, मग चार, मग मोजणं शक्यच नव्हतं. एका झाडावरून उजेडाची लाट निघून दुसऱ्यावर जावी तसं दिसत होतं. सूनबाई माझ्या शेजारी होती. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आई, एवढे असतात?" मी नुसतं "हो" म्हटलं. दोन वर्षांपूर्वीचं बोलायचं मनात होतं, पण तिथे बोलवेना. परतीच्या वाटेत गाडीत बोलले. ती म्हणाली, "जाऊ द्या हो." तिने जाऊ दिलं, पण मी विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

असो. जाऊबाई, पावभाजी घरी परतल्यावर करा, मीही येईन खायला. आणि मेनूचा कागद झाला की मला फोनवर नुसते पदार्थ नकोत, पुढची नावंही वाचून दाखवा.