कच्चा लिंबू नको, सातवा गडी हवा

गल्लीत पकडापकडी किंवा लंगडी खेळताना सगळ्यात धाकट्याला ‘कच्चा लिंबू’ करतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तो पळतो, ओरडतो, मजा करतो. पण त्याला धरलं तरी तो आऊट होत नाही आणि त्याने कुणाला धरलं तरी ते मोजलं जात नाही. तो खेळात असतो, हिशेबात नसतो. दोन-तीन वर्षांत पोरगं मोठं होतं आणि पक्कं होतं, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण काही मुलं आपल्याकडे जन्मभर कच्चा लिंबूच राहतात. आज मला त्यांच्याबद्दल लिहायचंय, आणि तेही एका फुटबॉलच्या नियमाच्या निमित्ताने.

सेरेब्रल पाल्सी (आपण सीपी म्हणूया) असलेल्या खेळाडूंचा वेगळा आंतरराष्ट्रीय फुटबॉल आहे. मेंदूची वाढ होत असताना, म्हणजे जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागाला इजा झाली की सीपी होतो. ती इजा पुढे वाढत नाही, पण बरीही होत नाही. कुणाचे स्नायू ताठ राहतात, कुणाचा तोल जातो, कुणाचे हातपाय मनाविरुद्ध हलतात. बुद्धीवर परिणाम होतोच असं नाही, तरी लोक पाय बघून डोक्याचा अंदाज बांधतात. या फुटबॉलमध्ये सीपीबरोबरच अपघातात डोक्याला मार लागून किंवा स्ट्रोकनंतर हालचालींवर परिणाम झालेले, पण पळू शकणारे खेळाडूही असतात. निपाणीवरून बेळगावकडे येणाऱ्या हायवेवर किती बाईकवाले पडतात ते आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे हा खेळ ‘दुसऱ्या कुणाचा तरी’ आहे असं समजू नका.

खेळ आपल्या ओळखीचाच आहे. एका बाजूला अकराऐवजी सात गडी. मैदान सुमारे ७० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद, गोलपोस्ट लहान, तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ. ऑफसाइड नाही. थ्रो-इन एका हाताने, चेंडू जमिनीवर घरंगळत टाकूनही घेता येतो, कारण प्रत्येकाला दोन्ही हात डोक्यावर नेता येतीलच असं नाही. बाकी टॅकल, फाऊल, पेनल्टी, रेफरीशी हुज्जत, सगळं तेच.

आता तो नियम. तज्ज्ञ खेळाडूंना तपासून तीन वर्गांत बसवतात. ज्यांच्या हालचालींवर सर्वांत जास्त परिणाम झालाय ते एफटी१, मधले एफटी२, सर्वांत कमी परिणाम असलेले एफटी३. मैदानावर एका वेळी एफटी३चा जास्तीत जास्त एकच खेळाडू चालतो. आणि एफटी१चा किमान एक खेळाडू पूर्ण सामनाभर मैदानावर असावाच लागतो. तो नसेल तर त्याच्या जागी दुसरा धडधाकट गडी उतरवता येत नाही. संघाला सहाच जणांनी खेळावं लागतं.

हा नियम मला कुठल्याही भाषणापेक्षा मोठा वाटतो. आपल्याकडे अशा मुलाला खेळायला घेतलं तर आपण म्हणतो, ‘बघा, आम्ही त्यालाही चान्स दिला.’ इथे उलटं आहे. तो नसला तर नुकसान संघाचं. प्रशिक्षकाला त्याला शोधावं लागतं, शिकवावं लागतं, त्याच्या पायाला जमेल असा पास कुठून द्यायचा याचा विचार बाकी सहा जणांना करावा लागतो. तो चुकला तर त्याच्यावर ओरडतातसुद्धा. कच्च्या लिंबूवर कधी कोण ओरडलंय का?

निपाणीत माझा एक मावसभाऊ आहे, सतरा वर्षांचा. दोन्ही पाय गुडघ्यात आत वळलेले, चालताना टाचा टेकत नाहीत. कोल्हापूर जवळ असल्यामुळे त्याच्या डोक्यात फुटबॉल नुसता भरलाय. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, कुठल्या तालमीचा सामना शाहू स्टेडियमवर कधी आहे ते त्याला पाठ. गल्लीतल्या स्पर्धेत स्कोअर तोच लिहितो, कारण पोरांचा त्याच्या वहीवर रेफरीपेक्षा जास्त विश्वास. पण संघाच्या यादीत त्याचं नाव कधीच नसतं. शाळेत पी.टी.च्या तासाला त्याला वर्गातच बसवायचे, सगळ्यांच्या दप्तरांची राखण करायला. कुणी वाईट वागलं असं नाही हं. सगळे त्याच्याशी चांगलेच वागले. त्याला खेळायचंय का, एवढंच कुणी विचारलं नाही.

त्याला मी हा नियम सांगितला तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे ताई, मी नसलो तर ते सहाच?” मी म्हटलं, “तू कुठल्या वर्गात बसशील ते तज्ज्ञ ठरवणार. पण हो, तसंच.” तो हसला आणि म्हणाला, “मग मला रोज प्रॅक्टिसला बोलवायला लागंल की त्यांना!”

मावशीने मात्र लगेच विचारलं, “अगं, पडला बिडला तर?” तिचा प्रश्न मी उडवून लावणार नाही. सतरा वर्षं त्याला उचलून, चोळून, व्यायाम करून घेऊन तिच्या पाठीचे मणके झिजलेत. पण फुटबॉल खेळणारं कुठलं पोरगं पडत नाही? आणि फिजिओथेरपी ही जन्मभराची गोष्ट आहे. भिंतीला धरून तीच ती हालचाल रोज करायला माणसाला काहीतरी कारण लागतं. ‘बरं व्हायचंय’ हे कारण सीपीत फार दिवस टिकत नाही, कारण पूर्ण बरं होणं त्यात नाही. ‘रविवारी मॅच आहे’ हे कारण टिकतं.

आता थोडं जगाकडे बघू. १९७८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरा इथे सीपी खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हा फुटबॉल पहिल्यांदा खेळला गेला. १९८४ पासून तो पॅरालिम्पिकमध्ये होता. नव्वदच्या दशकात नेदरलँड्सची सद्दी, पुढे रशिया आणि युक्रेनची चुरस. २०१६ मध्ये रिओच्या फायनलमध्ये युक्रेनने इराणला जादा वेळेत २-१ने हरवलं. आणि ती पॅरालिम्पिकमधली या खेळाची शेवटची फायनल ठरली. टोकियो २०२० साठी खेळांची यादी ठरली तेव्हा हा फुटबॉल वगळला गेला. कारण काय, तर तो पुरेशा देशांमध्ये पसरलेला नाही. पॅरिस २०२४ मध्ये तो नव्हता, लॉस एंजेलिस २०२८ च्या यादीतही तो घेतलेला नाही. आता २०१५ मध्ये स्थापन झालेला त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्वतःचे वर्ल्ड कप भरवतो. मुलींचा पहिला वर्ल्ड कप २०२२ मध्ये स्पेनमधल्या सालू इथे झाला आणि अमेरिकेच्या मुलींनी तो जिंकला.

यात आपला काय संबंध, असं वाटेल. मला वाटतं, सरळ संबंध आहे. ‘पुरेसे देश नाहीत’ हे वाक्य ज्या देशांमुळे खरं ठरतं त्यात आपल्यासारखे देश येतात, जिथे फुटबॉलचं वेड आहे, पोरं आहेत, पण या पोरांची गावोगावी नियमित लीग नाही. टोकियोच्या त्याच यादीत बॅडमिंटन नव्याने आलं आणि आपल्या खेळाडूंनी त्यात दोन सुवर्णांसह चार पदकं आणली. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, अभिमान वाटला, वाटायलाच पाहिजे. पण एक खेळ आत येताना दुसरा बाहेर गेला याची बातमी आपल्याकडे जवळजवळ कुणी वाचली नाही. मैदानावरचा सातवा गडी नसला की संघाचे सहा होतात. देशांचं तसंच झालं, फक्त इथे अख्खा खेळच बाहेर बसला.

आपल्याला एकट्या वीराची गोष्ट फार आवडते. कोल्हापूरच्या पलीकडे, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं. त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं आणि आपल्या पिढीला ते माहीत झाले ते सिनेमामुळे. त्याच जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारींनी पॅरिसला गोळाफेकीत रौप्य मिळवलं. ही माणसं खरोखर मोठी आहेत. पण एकट्याच्या जिद्दीची गोष्ट ऐकणाऱ्याकडून काही मागत नाही. टाळ्या वाजवल्या की आपण सुटलो. सांघिक खेळ तसं सोडत नाही. त्याला मैदान लागतं, मैदानाची वेळ लागते, सात गडी लागतात आणि समोर दुसरे सात लागतात. म्हणजे गाव लागतं. म्हणूनच तो आपल्याकडे होत नाही, असं माझं मत आहे.

काही जण म्हणतील, वेगळी टीम म्हणजे परत वेगळंच पाडणं नाही का? सगळ्यांबरोबर खेळवा की. ऐकायला छान आहे. पण अकरा धडधाकट पोरांत एक सीपीचा मुलगा म्हणजे पुन्हा कच्चा लिंबूच, हे आपण बघतोच. बरोबरीची लढत आधी मिळू दे, हरण्याजिंकण्याची सवय लागू दे. आणि नियम बदलला म्हणून खेळ खोटा होत नाही. लंगडीत आपण धडधाकट माणसाला एका पायावर पळायला लावतो. तो नियम आपल्याला कधी विचित्र वाटला नाही, मग एका हाताचा थ्रो-इन का वाटावा?

आता आपल्या भागाचं बोलते. बेळगावला फुटबॉल नवा नाही. सेंट पॉल्सच्या मैदानावरची फादर एडी स्मरणार्थ आंतरशालेय स्पर्धा बघत कितीतरी पोरं मोठी झाली. मैदानं आहेत, रेफरी आहेत, जुने खेळाडू आहेत. अडचण संख्येची आहे. एका शहरात एकाच वयाचे, पळू शकणारे सात सीपी खेळाडू मिळणं सोपं नाही. इथे आपली सीमा आडवी येते. निपाणीच्या पोराला थेरपीला कोल्हापूर चाळीस किलोमीटर, पण खेळाची निवड व्हायची तर राज्याची, म्हणजे तोंड बंगळूरकडे. बेळगावहून ते पाचशे किलोमीटर. सीमाप्रश्नावर आपण १९५६ पासून बोलतोय, बोलत राहू. पण या पोरांना तो सुटेपर्यंत थांबायला सांगू नका. अपंगत्वाचं प्रमाणपत्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे देशभर चालतं. मग मैत्रीपूर्ण सामन्याला कोण अडवतंय? कोल्हापूर, निपाणी, बेळगाव आणि घाटाखाली गोवा, एवढ्यात दोन संघ उभे राहिले नाहीत तरच नवल.

त्याच कायद्याच्या कलम ३० मध्ये दिव्यांगांना खेळात भाग घेता यावा म्हणून सरकारने उपाय करावेत असं स्पष्ट लिहिलंय. सीपीचं नाव कायद्याच्या यादीत आहे. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत पाच टक्के जागाही राखीव आहेत. म्हणजे ही मुलं कॉलेजात यायची वाट कायद्याने उघडली आहे. जिमखान्याच्या दारातून आत घेणं आपल्या हातात आहे.

ख्रिस्ती संस्थांना सेवेची परंपरा आहे, तिचा मला आदर आहे. नाताळात आपल्यातले पुष्कळ ग्रुप केक आणि कॅरल्स घेऊन विशेष मुलांच्या शाळांत जातात. जावंच. फक्त केक देणारा आणि घेणारा ही दोन माणसं त्या दिवशी कधी जागा बदलत नाहीत. चेंडू तसा नाही. तो दिला की परत येतो, आणि कधी कधी आपल्यावर गोल होतो.

माझी मागणी छोटी आहे. कॉलेजच्या स्पोर्ट्स वीकमध्ये एक सकाळ, अर्धं मैदान, सातांचा सामना आणि नियम खरे, आंतरराष्ट्रीयच. ‘प्रदर्शनीय सामना’ असं बॅनरवर लिहू नका. स्कोअर लिहा, पेपरला पाठवा, हरलेल्यांना हरलेलेच म्हणा. एफटी१चा गडी मिळाला नाही तर सहाच जणांनी खेळा आणि सातवी जागा रिकामी का आहे ते माईकवरून सांगा. बक्षीस वाटायला पाहुणे कोण आणायचे ते नंतर ठरवू. आधी सात नावं लिहायला घेऊया. निपाणीचं एक नाव माझ्याकडे तयार आहे.