६०० वॅटची अंधश्रद्धा

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तेव्हापासून चिपविषयीच्या बातम्यांचा ओघ आटलेला नाही. मात्र त्या चिपच्या दाराशी पहारा देणाऱ्या, काही रुपयांच्या सरफेस-माउंट टीव्हीएस डायोडवर कोणी ओळ खर्चत नाही. पण बातमीदारांना काय दोष द्यावा? आपले अभियंतेच त्याची निवड भाजी निवडण्याइतक्याही काळजीने करत नाहीत.

रूढ पद्धत अशी: सर्किट २४ व्होल्टचे, म्हणून एसएमबीजे२४ए. क्षमता ६०० वॅट. फाईल बंद. वस्तुतः २४ हा आकडा डायोड ज्या व्होल्टेजपर्यंत स्वस्थ बसतो, त्याचा आहे. २६.७ व्होल्टच्या पुढे तो वाहू लागतो आणि १५.४ अँपिअरचा सर्ज आला, तर त्याच्या टोकांवर ३८.९ व्होल्टपर्यंत दाब उरतो. मागचा रेग्युलेटर ३६ व्होल्टच सोसणारा असेल, तर पहारेकरी जिवंत आणि घरधनी ठार! याला संरक्षण कोणत्या तोंडाने म्हणायचे?

सौरदिव्याच्या नियंत्रकात तर उलटाच अनर्थ होतो. २४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना २८.८ व्होल्टच्या आसपास जाते. म्हणजे ना वीज कडाडली, ना सर्ज आला, तरी हा डायोड रोज दुपारी वाहत राहून स्वतःच जळू शकतो. तेथे एसएमबीजे३०ए हवा. पण त्याचे क्लॅम्पिंग व्होल्टेज ४८.४, म्हणजे रेग्युलेटर ६० व्होल्टचा घ्यावा लागतो. निवड डायोडपासून नव्हे, ज्याला वाचवायचे त्याच्यापासून सुरू होते, हे पदवीच्या चार वर्षांत कोणी सांगत नाही काय?

राहिले ते ६०० वॅट. ते १० मायक्रोसेकंदांत शिखर गाठून १००० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येणाऱ्या लाटेचे, तेही २५ अंश तापमानाला. वैशाखात खांबावरच्या बंद पत्र्याच्या डब्यात २५ अंश कोणी पाहिले आहेत?

"खर्च वाढेल," हे उत्तर पाठ झालेले आहे. डायोड कनेक्टरला चिकटून बसवायला कोणता खर्च येतो? पीसीबीवरील एक सेंटिमीटर वाटेचा प्रेरकत्वांक सुमारे १० नॅनोहेन्री. स्थिरविद्युतेचा ३० अँपिअरचा झटका एका नॅनोसेकंदात चढला, तर तेवढ्या वाटेवरच ३०० व्होल्ट उभे राहतात. सरकारी निविदांत वॅटऐवजी क्लॅम्पिंग व्होल्टेज आणि तापमान मागावे. एवढी दुरुस्ती करायला ७६,००० कोटी लागत नाहीत.