‘लक्ष ठेवून आहोत’ म्हणजे काय?

२०२५च्या फेब्रुवारीत माझं अमेरिकेतल्या मास्टर्सचं शेवटचं सेमिस्टर सुरू होतं. दर आठवड्याला विद्यापीठाची एक ईमेल यायची आणि तिच्यात एक वाक्य ठरलेलं असायचं : ‘आम्ही परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहोत.’

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या धंद्यात लक्ष ठेवणं म्हणजे रात्री दोनला अलार्म वाजला की ज्याची ड्यूटी आहे त्याने उठून काहीतरी करणं. सर्व्हर बंद पडलाय आणि आम्ही आलेखाकडे बघतोय, असं ग्राहकाला सांगितलं तर नोकरी जाईल.

अनिश्चितता खोटी होती असं मी म्हणत नाही. ७ फेब्रुवारीला एनआयएचने संशोधन अनुदानातला अप्रत्यक्ष खर्च थेट १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. मोठ्या विद्यापीठांचा हा दर ५० टक्क्यांच्याही वर होता. १४ फेब्रुवारीला शिक्षण खात्याने वंशाचा विचार करणारे उपक्रम १४ दिवसांत बंद करा, असं पत्र धाडलं. एप्रिलमध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या ‘सेव्हिस’मधल्या नोंदी रद्द झाल्या आणि कोर्टकचेऱ्या सुरू झाल्यावर महिनाअखेरीला परत आल्या. अशात कोण काय नियोजन करणार?

पण या धक्क्याचा भार कोणावर टाकला ते बघा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या चॅन मेडिकल स्कूलने पीएच.डी.चे दिलेले प्रवेश मागे घेतले. कित्येक ठिकाणी वेबसाइटवरून ‘विविधता’ हा शब्द कोर्टाचा निकाल लागण्याआधीच गायब झाला. पुढे १५ टक्क्यांची मर्यादा कोर्टाने अडवली आणि ते १४ दिवसांचं पत्रही ऑगस्टमध्ये रद्द ठरवलं. म्हणजे जो आदेश टिकलाच नाही, तो विद्यापीठांनी आपणहून पाळून टाकला होता.

माझा रूममेट सांगलीचा, जीवशास्त्रात पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला. गाइड म्हणाले, ऑगस्टपर्यंत पैसे आहेत, पुढचं ऑफिसला विचार. ऑफिसने तेच ठरलेलं वाक्य पाठवलं. शिवाय सल्ला आला : अनावश्यक परदेश प्रवास टाळा. मे महिन्यात त्याच्या बहिणीचं लग्न होतं. ते आवश्यक की अनावश्यक, हे त्याने विचारलं. उत्तर आलं नाही. त्याने लग्न व्हिडिओ कॉलवर पाहिलं.

यावर लोक म्हणतात, हार्वर्डला कोर्टात जाणं परवडतं, त्यांच्याकडे ५० अब्ज डॉलरच्या वर निधी आहे. बाकीच्यांनी काय करायचं? मुद्दा बरोबर आहे. त्यातलाही बराच पैसा देणगीदारांच्या अटींत अडकलेला असतो, हेही खरं. पण कोलंबियाही काही गरीब नाही. ४० कोटी डॉलरचं अनुदान रद्द होताच तिने मार्चमध्ये मागण्या मान्य केल्या, तरी जुलैत २० कोटींहून अधिक रक्कम भरायचं कबूल करूनच सुटका झाली. हार्वर्डने खटला भरला आणि सप्टेंबरमध्ये कनिष्ठ कोर्टात जिंकला. तेव्हा फरक केवळ पैशाचा नव्हता.

आणि मी पैसे मागतच नाहीये. ज्याला प्रवेशाचं पत्र दिलं त्याचा प्रवेश रद्द होणार नाही. अमुक तारखेपर्यंत स्टायपेंड नक्की मिळेल. त्यानंतरचा निर्णय अमुक माणूस अमुक दिवशी घेईल. एवढं लिहायला किती खर्च येतो? वॉशिंग्टनमध्ये काय होईल हे विद्यापीठाला ठाऊक नसेल, पण आपण काय करणार हे तरी ते सांगू शकतं. ते न सांगणं हाही निर्णयच असतो, आणि त्याची किंमत सगळ्यात कमी पगाराचा, सगळ्यात कच्च्या व्हिसावरचा माणूस मोजतो.

पुण्या-मुंबईतले आईबाप आजही कौन्सेलरसमोर बसून रँकिंगच्या याद्या चाळतात. त्यांनी चाळाव्यात. पण घर गहाण टाकून कर्ज काढण्याआधी त्या विद्यापीठाला एक ईमेल जरूर पाठवावी : २०२५मध्ये तुम्ही दिलेली प्रवेशपत्रं आणि स्टायपेंड शेवटपर्यंत पाळलेत का? उत्तरात ‘आम्ही परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत’ असं आलं, तर यादीतलं ते नाव खोडून टाकावं.