लोकल उभी धावते, आडवं कोण नेणार?

आपल्या तालुक्यातली कितीतरी पोरं मुंबईत राबतात, म्हणून हे लिहितोय.

मुंबईची लोकल उत्तर-दक्षिण. मुलुंडहून बोरिवलीला लोकलनं जायचं तर दादरचा वळसा! सरळ आडवं नेते ती बेस्टची बस.

मे २०२५ मध्ये किमान भाडं ५ चं १० रुपये केलं. भाडं दुप्पट, बस दुप्पट झाल्या का? उलट स्वतःच्या गाड्या मोडीत, कंत्राटी रस्त्यावर. कंत्राटदारानं हात वर केले की रांग तिथंच.

म्हणे बस तोट्यात! मग हजारो कोटींच्या कोस्टल रोडला नफा का विचारत नाही? तिथून मोटारवाले जातात म्हणून?

तोटा महापालिकेनं उचलावा, आडव्या मार्गांवर गाड्या वाढवाव्यात. पटलं तर मुंबईतल्या पोरांना पाठवा.