केशरी आणि पांढऱ्या शिधापत्रिकेमधला माणूस

भाऊच्या धक्क्याहून सुटलेली लाँच रेवसला लागली की उतारूंच्या मागोमाग खोकी, पोती आणि डबे उतरू लागतात. धक्क्यापासून गावापर्यंतच्या दुकानदारीचा भार तीन-चार माणसांवर असतो. एक हमाल, एक तागडीवरचा नोकर आणि जुन्या पेढीत अजूनही टिकून राहिलेला एखादा मेहताजी. एवढ्या लहान दुकानाला कामगार विमा लागू होत नाही. मालकाच्या कुटुंबाचा मेडिक्लेम असतो, नोकराचा नसतो. त्याच्या छातीत एके दिवशी कळ आली तर जिल्हा रुग्णालय अलिबागला, सुमारे पंचवीस किलोमीटरवर. नाहीतर खाडी ओलांडून मुंबई. पैशांसाठी शेठजींकडून उचल घेतली जाते. ती त्याच्या नावे पडते आणि पुढची दोन-तीन वर्षे पगारातून वळती होत राहते.

या माणसासाठी राज्याने काय केले, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत रायगड होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, ठरलेल्या ९७१ शस्त्रक्रिया व उपचारांसाठी. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पात्रता मात्र शिधापत्रिकेच्या रंगावर ठरत होती. पिवळी किंवा केशरी असेल तर आत, पांढरी असेल तर बाहेर.

केशरी पत्रिकेची उत्पन्नमर्यादा वार्षिक एक लाख रुपये. बाराने भागले तर महिना ८,३३३ रुपये. ज्या नोकराला मालकाने सचोटीने महिना नऊ हजार दिले, त्याचे उत्पन्न १,०८,००० झाले. कागद काटेकोर पाहिला तर तो पांढऱ्या पत्रिकेचा धनी ठरला आणि योजनेतून निसटला. आठ हजार देणाऱ्याचा नोकर आत, नऊ हजार देणाऱ्याचा बाहेर. हजार रुपयांच्या वाढीने दीड लाखाचे संरक्षण जावे, हा ताळेबंद कोणत्याही पेढीवर मान्य झाला नसता.

ही फट केवळ येथलीच नाही. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने गरीब प्रौढांसाठीची मेडिकेड योजना दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंतच्या उत्पन्नाला खुली करण्याचे ठरले. परंतु २८ जून २०१२ रोजी, रायगडातील आरंभाच्या अवघे चार दिवस आधी, तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय राज्यांच्या मर्जीवर सोडला. न्यूजर्सीने विस्तार केला, टेक्सासने केला नाही. त्यामुळे ज्यांचे नातलग एडिसन आणि ह्यूस्टन अशा दोन्ही ठिकाणी आहेत, त्यांना एकाच देशातील दोन न्याय ऐकायला मिळतात.

महाराष्ट्राने फट बुजवली ती दोन टप्प्यांत. करोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, पांढऱ्या पत्रिकाधारकांनाही तात्पुरते आत घेण्यात आले. पुढे २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने रंगाची अट काढून टाकली, मर्यादा कुटुंबामागे पाच लाखांवर नेली आणि उपचारांची संख्या १,३५६ केली. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मर्यादा साडेचार लाख झाली. केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्याशी जोडलेली आहेच. सत्तर वर्षांवरील व्यक्तींना तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता स्वतंत्र पाच लाखांचे कवच मिळाले.

म्हणजे आता केवळ नोकरच नव्हे, तर रेवसचा लहान दुकानदारही योजनेत आला. हे अनेक व्यापारी कुटुंबांना ठाऊक नाही. ठाऊक असले तरी, सरकारी योजना म्हणजे दुसऱ्यांसाठी, अशी एक समजूत घरात मुरलेली असते. मेडिक्लेमचा हप्ता वयाबरोबर चढत जातो आणि साठीनंतर दर नूतनीकरणाला पोटात गोळा येतो, तेथे हा संकोच महाग पडतो.

योजनेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. साधा ताप, बाहेरून घेतलेली रोजची औषधे यांना ती लागू नाही; रुग्णालयात दाखल होऊन, यादीतील उपचार, संलग्न रुग्णालयातच घ्यावे लागतात. काही उपचार केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. दाखल होताच रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटायचे. रोख भरून नंतर परतावा मागण्याची वाट येथे नाही. अनेकांचे नुकसान या एका अज्ञानापोटी होते.

खरी अडचण कागदाची असते. शिधापत्रिकेवर ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळकृष्ण’; लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव अजून माहेरच्या पत्रिकेत; धाकट्या मुलाचे नाव घातलेलेच नाही. या चुका आजारपणात सापडतात, आणि तेव्हा तहसील कचेरीच्या फेऱ्या घालायला घरात मोकळे माणूस नसते. दिवाळीत वही बदलताना दुकानातील प्रत्येक माणसाची शिधापत्रिका आणि आधार एकदा समोरासमोर ठेवून पाहिले, तर हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. मेहताजीला ते सहज जमेल.

उपचारांत रुग्णाचे जेवण धरलेले आहे आणि घरी परतण्याचे भाडेही; एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे. रेवसला रेल्वे नाही, तेव्हा तेथल्या माणसाला त्यातली एसटीच कामाची.