त्या रात्री तो घसरला नसता तर?

गेल्या शनिवारी रात्री रिलीज रखडली होती. कॉलवर सगळे म्यूट. तेव्हा दुसऱ्या मॉनिटरवर मी 'सॅडी थॉम्प्सन' बघून टाकला. १९२८ चा मूकपट, दिग्दर्शक राऊल वॉल्श. ग्लोरिया स्वॉन्सन नायिका आणि निर्मातीही. (म्यूट कॉलवर मूकपट. असा योग पुन्हा यायचा नाही.)

सोमवारी जेवताना टीममधल्या एकाला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे तेच ना? बाईला सुधारायला निघालेला बुवा शेवटी स्वतःच घसरतो?"

हो, गोष्ट तीच. पण त्या "तेच ना" ने माझं डोकं फिरलं.

सॅडी सामोआ बेटांवरच्या पागो पागो बंदरात उतरते. मागे सॅन फ्रान्सिस्कोतलं काहीतरी लचांड, अंगावर भडक कपडे, तोंडात रांगडी भाषा, आणि आजूबाजूला खूश झालेले अमेरिकन मरीन. त्यातला ओहारा तिच्या प्रेमातच पडतो (हे काम स्वतः वॉल्शने केलंय). त्याच लॉजमध्ये डेव्हिडसन नवरा-बायको उतरलेत. हा डेव्हिडसन म्हणजे लायोनेल बॅरीमोर. ही 'तसली' बाई आहे, एवढं त्याला पुरतं. तो गव्हर्नरवर दबाव आणतो आणि तिला बेटावरून हाकलायचा हुकूम काढायला लावतो. ती गयावया करते, सिडनीला जाऊ द्या, सॅन फ्रान्सिस्कोला नको, तिथे तुरुंग आहे. हा ढिम्म. शेवटी ती मोडते, गुडघ्यावर येते, प्रार्थना करायला लागते. आणि एका रात्री हा पुण्यात्मा तिच्या खोलीत शिरतो. सकाळी त्याचं प्रेत सापडतं. आत्महत्या.

आता यात भीती कुणाला कशाची वाटली ते बघा. मूळ कथा सॉमरसेट मॉमची, १९२१ ची. तिच्यावरचं 'रेन' नाटक १९२२ पासून ब्रॉडवेवर धो धो चाललं. पण त्यावर सिनेमा करायचा नाही, असं हॉलिवूडच्या बड्या निर्मात्यांचं आपसात ठरलेलं होतं. विल हेज हे त्यांच्या संघटनेचे प्रमुख. १९२७ च्या त्यांच्या 'हे दाखवू नका' यादीत धर्मगुरूंची टिंगल हेही एक कलम होतं. स्वॉन्सनबाईंनी हेजसाहेबांना जेवायला बोलावून गोडीगुलाबीने परवानगी काढली. तडजोड एकच मोठी: डेव्हिडसनच्या नावामागचं 'रेव्हरंड' गेलं. सिनेमात तो नुसता मिस्टर डेव्हिडसन, समाजसुधारक. बाकी सगळं जसंच्या तसं! बाई तीच, रात्र तीच, प्रेत तेच. पदवी काढली आणि धर्म वाचला म्हणे.

याला ढोंग म्हणायचं तर सोपं आहे, मीही म्हणतो. पण माझं भांडण हेजसाहेबांइतकंच माझ्या मित्राशीही आहे. साहेबांना डेव्हिडसनच्या पदवीची काळजी, मित्राला त्याच्या घसरण्याची मजा. दोघांचंही लक्ष त्या खोलीच्या दाराकडे. अरे, पण त्याच्या आधी तासभर काय चाललं होतं?

समजा, त्या रात्री डेव्हिडसन आपल्या खोलीत शांत झोपला असता. मग सॅडी बोटीत बसून तुरुंगात गेली असती. डेव्हिडसनबाईंनी नवऱ्याचं कौतुक केलं असतं, गव्हर्नरने फाईल बंद केली असती, आणि ढोंगी हा शब्द कुणाच्या तोंडीही आला नसता. जे वाईट व्हायचं ते दिवसाढवळ्या, सरकारी कागदावर, प्रार्थनेच्या साक्षीने होऊन गेलेलं होतं. रात्रीच्या प्रसंगाने उलट आपली सोय केली. 'माणूसच नासका होता' म्हणायचं आणि घरी जायचं. आपल्याकडे एखादा बाबा बाईच्या प्रकरणात अडकला की चॅनेलवाल्यांना आठवडाभर पुरतो. सापडेपर्यंत त्याने लोकांच्या घरात जे काय केलेलं असतं, त्याला संस्कार म्हणतात.

आणि गव्हर्नर? मला सगळ्यात जास्त टोचला तो हा माणूस. तो दुष्ट नाही. त्याला फक्त कटकट नकोय.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत एक कागद फिरला होता. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलींकडे 'वेळी-अवेळी लोक येतात', सबब फ्लॅट रिकामा करून घ्यावा. मला रात्री अकराला बेल वाजवून दिला. वर बावीस सह्या होत्या. त्या मुलींशी माझं लिफ्टमध्ये हाय-हॅलोपलीकडे काही नव्हतं. उद्या पार्किंगवरून याच काकांशी बोलायचंय, एवढं मात्र डोक्यात आलं. मी तेविसावा. महिन्याभरात त्या गेल्या. कुठे गेल्या, विचारलं नाही. त्या कमिटीतलं कुणीही आजवर कुठल्या खोलीत सापडलेलं नाही, सगळी सज्जन माणसं आहेत. गणपतीत भेटतात, प्रसाद देतात.

असो. सिनेमा जरूर बघा. स्वॉन्सनला पहिल्याच ऑस्करला नामांकन होतं, आणि ते का, ते ती मोडते तिथे कळतं. पाट्यांवरची भाषा सोवळी आहे, तिचे ओठ मात्र नाहीत, नीट बघा. शेवटचं रीळ खराब होऊन गेलंय. १९८७ मध्ये जुने फोटो आणि १९३२ च्या 'रेन' मधले काही तुकडे जोडून शेवट उभा केला गेला. म्हणजे डेव्हिडसनचं प्रेत, सॅडी-ओहाराची सिडनीची वाट, हे सगळं तुकड्या-तुकड्यांत बघावं लागतं. गव्हर्नरचा भाग शाबूत आहे.