वाढीचे संप्रेरक: गरज कुणाला, इंजेक्शन कुणाला?

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे वाढीचे संप्रेरक तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण १४ टक्क्यांनी घटत जाते. साठीला दंड बारीक होतात, पोट सुटते, झोप उथळ होते. या दोन गोष्टींची सांगड घालून तारुण्य परत आणणारी इंजेक्शने खपवली जातात. मोबाइलवरच्या जाहिरातींना मुंबई काय आणि नांदेड-लातूर काय, सारखेच.

याचे मूळ १९९० मध्ये आहे. अमेरिकेत डॉ. डॅनियल रुडमन यांनी ६१ वर्षांपुढच्या १२ पुरुषांना सहा महिने हे संप्रेरक दिले. चरबी १४.४ टक्क्यांनी घटली, चरबीविरहित वजन ८.८ टक्क्यांनी वाढले. बाजाराने तेवढेच उचलले. नंतरच्या चाचण्यांत अंग भरले तरी ताकद फारशी वाढली नाही. उलट सूज, सांधेदुखी, मनगटाची नस दबून हाताला मुंग्या आणि रक्तातली साखर वाढणे हे त्रास दिसले. मधुमेह घरोघरी असताना हा सौदा कुणी करावा?

‘पॅकेज’मधल्या तपासणीचाही उपयोग नाही. हे संप्रेरक झोताझोताने, मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. सकाळच्या एका नमुन्यात ते धडधाकट माणसातही जवळजवळ शून्य येऊ शकते.

खरी कमतरता असते, पण ती वेगळ्याच दाराने येते. बाळंतपणात फार रक्त गेले की पीयूषिका ग्रंथी निकामी होऊ शकते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. अंगावर दूध येत नाही, पाळी परतत नाही, काखेतले केस झडतात, थंडी सोसत नाही. अशी बाई ‘अशक्तपणा’ म्हणून वर्षानुवर्षे सलाईन आणि टॉनिक घेत राहते. घोणस चावून वाचलेल्या शेतकऱ्यालाही असेच होऊ शकते. यांच्यातही वाढीच्या संप्रेरकाचा नंबर शेवटचा. आधी कॉर्टिसॉलची भरपाई, मगच थायरॉइडची गोळी. हा क्रम उलटला तर जिवावर बेतते. या दोन्ही गोळ्या त्या इंजेक्शनच्या मानाने अगदी स्वस्त आहेत.

विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात थकव्याची तक्रार घेऊन आलेल्या पन्नाशीच्या बाईला म्हणूनच आधी विचारावे लागते: शेवटच्या बाळंतपणात रक्त किती गेले होते, आणि त्यानंतर पाळी आली होती का?